डागाचे वाचन : भोर-वेल्ह्याचे फुप्फुस आणि परमुलखातले भाकीत

मराठीत 'डाग' या शब्दाने बराच मोठा संसार मांडलेला आहे. कपड्यावर पडतो तो डाग आणि चारित्र्याला लागतो तोही डाग. जुन्या बोलीत अंगावरच्या दागिन्याला डाग म्हणत. जनावराला तापल्या लोखंडाने देतात त्यालाही डागच म्हणतात. विसाव्या शतकात या शब्दाला आणखी एक अर्थ येऊन चिकटला. 'छातीचा फोटो काढला, डाग निघाला' हे वाक्य भोर तालुक्यातल्या किंवा वेल्ह्यातल्या कोणत्याही वाडीवर उच्चारले तर त्याचे स्पष्टीकरण कोणी मागत नाही. डाग म्हणजे क्षय, हे तिथे गृहीतच असते. (वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे, पण बोलण्यात अजून वेल्हे आहे, म्हणून आम्ही तेच वापरत आहोत.)

याच डागाकडे पाहणारी दुसरी एक विद्या गेल्या तीन दशकांत जगात उभी राहिली. फुप्फुसाच्या सीटी स्कॅनवर दिसणारी छोटी गाठ, जिला वैद्यकात नोड्यूल म्हणतात, ती पुढे कर्करोग ठरण्याची शक्यता शेकडा किती, हे ही विद्या आकड्यात सांगते. आम्ही साहित्याचे अध्यापक. वैद्यकाचा अधिकार आमच्याकडे नाही. पण एखादे चिन्ह पाहून त्याचा अर्थ लावणे, त्या अर्थाला कोणता संदर्भ आधार देतो हे तपासणे, आणि तो संदर्भ बदलला की अर्थाचे काय होते हे विचारणे, हा आमच्या रोजच्या शिकवण्याचा भाग आहे. त्या अंगाने या विद्येचा इतिहास वाचताना आम्हांला जे दिसले ते येथे मांडत आहोत.

१. चित्राआधीचा रोग

क्षयाला आपल्या परंपरेत 'राजयक्ष्मा' हे नाव आहे, आणि त्याची कथा चंद्राशी जोडलेली आहे. दक्षाच्या सत्तावीस कन्यांपैकी एकट्या रोहिणीवर चंद्राचे प्रेम जडले, म्हणून दक्षाने त्याला झिजण्याचा शाप दिला. ज्याला क्षय आहे त्याच चंद्रावर डागही आहे, हा कथेतला योगायोग पुढे क्ष-किरणांनी खरा करून दाखवला असे म्हणावेसे वाटते. पण कथेतला रोगी डागावरून ओळखला जात नाही, झिजण्यावरून ओळखला जातो. खोकला, ताप, रक्त आणि झीज एवढीच या रोगाची भाषा शतकानुशतके होती. लेनेक या फ्रेंच वैद्याने १८१६ साली स्टेथोस्कोप शोधला तेव्हा छातीच्या आतला आवाज ऐकू येऊ लागला. आतले दिसत मात्र नव्हते.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या, १८८६ साली फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन परतल्या, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयानेच वारल्या. त्यांच्या रोगाचे कारण विज्ञानाला ठाऊक झाले होते, पण त्यांच्या छातीत काय चालले आहे हे पाहण्याचे साधन अजून आठ वर्षे दूर होते. रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले ते १८९५ च्या नोव्हेंबरात.

२. डाग सार्वजनिक होतो

क्ष-किरणांमुळे रोगाच्या आधी डाग दिसू लागला. माणूस धडधाकट आहे, शेतावर जातो आहे, आणि काचेवर मात्र छाया आहे, ही स्थिती इतिहासात प्रथमच शक्य झाली. ब्राझीलच्या मानुएल द आब्रेऊ यांनी १९३६ च्या सुमारास रिओ दि जानेरोत छातीचे छोटे फोटो झपाट्याने व स्वस्तात काढण्याची पद्धत बसवली. त्यानंतर गाव, कारखाना, पलटण यांची सरसकट तपासणी करता येऊ लागली. धान्य चाळणीतून काढावे तशी माणसे काढायची आणि खडे वेगळे करायचे, ही स्क्रीनिंगची कल्पना येथून रूढ झाली.

आपल्याकडे तोवर क्षय हा शहराचा, चाळींचा, गिरण्यांचा रोग आणि डोंगराची हवा हे त्याचे औषध, अशी समजूत होती. भोरहून मांढरदेवीचा डोंगर ओलांडला की वाई लागते, आणि वाईच्या वर पाचगणी. तिथे डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम सुरू केले. मुंबईचे सुखवस्तू रोगी ज्या सह्याद्रीच्या हवेसाठी तिथे येत, त्याच सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचे तरुण पोटासाठी उलट दिशेने, मुंबईच्या गिरण्यांकडे आणि गोद्यांकडे जात. आजारी पडले की ते गावी परतत. पंतसचिवांचे भोर संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले. या येण्याजाण्यात त्यामुळे काही फरक पडला नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५५ ते १९५८ या काळात छातीच्या छोट्या फोटोंच्या साह्याने देशभर नमुना पाहणी केली. फोटोवर सक्रिय वाटणारा क्षय हजारी १३ ते २५ माणसांत आढळला. आणि खेडी व शहरे यांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. डोंगरातली हवा शुद्ध म्हणून डोंगरातली फुप्फुसेही शुद्ध, ही समजूत त्या पाहणीने मोडीत काढली.

याच सुमारास एक अडचणीचा प्रश्नही पुढे आला. हे फोटो वाचतो कोण, आणि तो दरवेळी सारखेच वाचतो का? अमेरिकेत बर्केलो, येरुशाल्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. त्यांनी १,२५६ माणसांचे फोटो पाच अनुभवी वाचकांपुढे ठेवले. डाग आहे की नाही, यावर दोन वाचकांचे साधारण तीनातल्या एका बाधित फोटोबाबत एकमत होईना. त्याहून धक्कादायक म्हणजे, तेच फोटो काही काळाने पुन्हा दिले तेव्हा प्रत्येक वाचकाचे पाचातल्या एकाबाबत स्वतःशीच जुळेना.

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे आय. ए. रिचर्ड्स आठवल्याशिवाय राहणार नाहीत. केंब्रिजमध्ये त्यांनी कवीचे नाव झाकून विद्यार्थ्यांना कविता वाचायला दिल्या आणि त्यांचे परस्परविरोधी अभिप्राय १९२९ साली ग्रंथरूपाने मांडले. दोन्ही प्रयोगांचा धडा एकच आहे. चिन्ह स्वतःहून बोलत नाही. वाचणारा जे मनात घेऊन येतो त्याचा वाटा अर्थात असतोच. वैद्यकाने यावर दोन उपाय शोधले. पहिला म्हणजे एकाऐवजी दोघांनी वाचणे, आणि दुसरा म्हणजे वाचनाचे नियम आकड्यांत बांधणे.

३. दुसरा अर्थ : कर्करोग

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पश्चिमेत क्षय ओसरू लागला होता, आणि सिगारेटबरोबर फुप्फुसाचा कर्करोग वाढत होता. साहजिकच तिथल्या वाचकाची अपेक्षा बदलली. डाग दिसला की तो आधी कर्करोगाचा विचार करू लागला. १९७१ साली सुरू झालेल्या मेयो क्लिनिकच्या प्रकल्पात नऊ हजारांवर धूम्रपायी पुरुषांपैकी निम्म्यांची दर चार महिन्यांनी छातीचा फोटो व थुंकी यांची तपासणी सुचवून पाठपुरावा केला गेला. त्या गटात कर्करोग अधिक सापडले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. अधिक दिसणे म्हणजे अधिक वाचवणे असे नव्हे, हा कटू निष्कर्ष त्यातून निघाला.

चित्र पालटले ते सीटी स्कॅनमुळे. अमेरिकेतील राष्ट्रीय चाचणीत ५५ ते ७४ वयाच्या, दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या ५३,४५४ स्त्रीपुरुषांपैकी निम्म्यांचे कमी किरणोत्सर्गाचे स्कॅन तीन वर्षे दरसाल काढले, आणि उरलेल्यांचे साधे फोटो. २०११ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा की, स्कॅनच्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. नेदरलँड्स व बेल्जियममधील नेल्सन चाचणीने २०२० साली त्याला पुष्टी दिली. पण अमेरिकन चाचणीतच आणखी एक आकडा आहे. दर चौथे स्कॅन 'संशयास्पद' ठरले, आणि अशा संशयांपैकी ९६.४ टक्के शेवटी कर्करोग नव्हते.

भाकिताची गरज या आकड्यातून निर्माण झाली. ज्वारीच्या दाण्याएवढी, म्हणजे चारेक मिलिमीटरची गाठ आणि हरभऱ्याएवढी, म्हणजे आठेक मिलिमीटरची गाठ यांना एकाच मापाने मोजता येत नाही. प्रत्येक गाठीत सुई घालायची म्हटले तर निरोगी माणसांचीच फुप्फुसे फाटतील. म्हणून गाठीचे आणि माणसाचे गुण एकत्र करून शक्यता काढणारी सूत्रे बांधली गेली. त्यांतले सर्वांत गाजलेले सूत्र कॅनडातील ब्रॉक विद्यापीठाच्या नावाने ओळखले जाते आणि ते २०१३ साली प्रसिद्ध झाले. ते ज्या गटावर बांधले त्यात १,८७१ माणसे होती. त्यांच्या फुप्फुसांत ७,००८ गाठी सापडल्या, आणि त्यांतल्या १०२ कर्करोगाच्या निघाल्या. शंभर गाठींमागे जेमतेम दीड.

हे सूत्र काय विचारते? वय अधिक आहे का, व्यक्ती स्त्री आहे का, कुटुंबात फुप्फुसाचा कर्करोग झाला होता का, एम्फिसीमा म्हणजे वायुकोश विरण्याचा विकार आहे का. गाठ किती मोठी, तिच्या कडा काटेरी आहेत का, ती अंशतः भरीव आहे का, गाठी मोजक्या आहेत की पुष्कळ, आणि गाठ फुप्फुसाच्या वरच्या खंडात आहे का. उत्तरे भरली की शेकडेवारी मिळते. सूत्र उत्तम आहे. कॅनडातल्याच दुसऱ्या गटावर पारखले तेव्हाही ते खरे उतरले. आमचे म्हणणे सूत्र चुकीचे आहे असे नाही. ते कोणाच्या फुप्फुसावर लिहिले गेले, एवढेच आम्हांला विचारायचे आहे.

४. सूत्र नीरेकाठी येते तेव्हा

वरच्या यादीत सिगारेट नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल. कारण साधे आहे. ज्या माणसांवर सूत्र बांधले ती सगळीच धूम्रपान करणारी किंवा पूर्वी केलेली होती. जे सर्वांतच आहे ते मोजावे लागत नाही. समीक्षेत आपण ज्याला गृहीत वाचक म्हणतो तसा या सूत्राचा गृहीत रोगी आहे, आणि तो पन्नाशी ओलांडलेला, सिगारेट ओढलेला कॅनडावासी आहे. त्याचे नाव सूत्रात कुठेही नाही, तरी प्रत्येक उत्तरात तो हजर असतो.

आता वेल्ह्याच्या डोंगरातली पंचावन्न वर्षांची एक बाई कल्पावी. तिने आयुष्यात विडी ओढलेली नाही; मिशरी मात्र लावली असेल, आणि मिशरीसाठी कुठल्याही सूत्रात रकाना नाही. चार महिन्यांच्या धुवाधार पावसात, दारे लावलेल्या घरात, ओल्या लाकडांच्या चुलीपुढे तिने चाळीस वर्षे काढली आहेत. भातरोपांसाठी राब भाजताना होणारा धूर वेगळाच. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेचा गॅस अनेक घरांत आला, तरी आंघोळीचे पाणी पुष्कळ ठिकाणी लाकडावरच तापते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० च्या प्रबंधात घरातील लाकूडफाट्याचा धूर 'संभवतः कर्करोगकारक' या वर्गात ठेवला आहे. धूम्रपान न करणाऱ्यांनाही फुप्फुसाचा जुनाट विकार होतो आणि त्यात चुलीच्या धुराचा मोठा वाटा असतो, हे पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये सहलेखकासह मांडले होते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही येथे पाहण्यासारखा आहे. त्यातील सुमारे निम्म्या रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नव्हते. म्हणजे पश्चिमेतल्या निकषाने तपासणीला माणसे निवडली, तर आपल्याकडचे निम्मे रोगी चाळणीत पडणारच नाहीत.

आणि गाठ सापडली तर? सूत्र विचारील : वरच्या खंडात आहे का? असेल तर शक्यता वाढते. पण फुप्फुसाचा वरचा खंड ही क्षयाची जुनी वतनदारी आहे. बरा झालेला क्षय आपली खूण बहुधा तिथेच ठेवून जातो. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत क्षयजंतूच्या संसर्गाची खूण आढळली. त्यांतल्या बहुतेकांना रोग कधीच होणार नाही, पण अशा समाजात जुने व्रण आणि गाठी पुष्कळ असणार हे उघड आहे. ओंटारिओत जे लक्षण कर्करोगाकडे बोट दाखवते, ते भोरमध्ये चाळीस वर्षांपूर्वीच्या खोकल्याकडे दाखवत असू शकते. अक्षर तेच, भाषा निराळी. पेट स्कॅनचा आधार घ्यावा तर क्षयाची जिवंत गाठही त्यात कर्करोगासारखीच उजळते.

यातून दोन प्रकारचे अपवाचन संभवते. एकात क्षयाचा जुना व्रण कर्करोग ठरतो. मग पुण्याच्या फेऱ्या, सुई, कर्ज, आणि घरभर मरणाची छाया. दुसऱ्यात कर्करोग क्षय ठरतो. महिनोन्महिने गोळ्या चालतात, आणि डाग वाढत राहतो. हा दुसरा प्रकार भारतीय छातीरोगतज्ज्ञांच्या लेखनात वारंवार नोंदला गेला आहे. गुंतागुंत एवढ्यावर थांबत नाही. क्षय होऊन गेलेल्या फुप्फुसात पुढे कर्करोगाची शक्यता काहीशी वाढतेच, असे अनेक अभ्यास एकत्र पाहता दिसते. म्हणजे 'हा किंवा तो' असा स्वच्छ पर्यायही वाचकापुढे नाही. एकाच डागात दोन्ही अर्थ नांदू शकतात.

५. जे लिहिले गेले नाही

भारताच्या सरकारी कर्करोग तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन जागा आहेत; फुप्फुस नाही. मग भोर-वेल्ह्यात नोड्यूल येते कोठून? त्याचे एक मोठे उत्तर २०२० आणि २०२१ या करोनाच्या वर्षांत आहे. त्या काळात 'एचआरसीटीचा स्कोअर किती?' हा प्रश्न खेड्यापाड्यांत तोंडी झाला. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये या स्कॅनचे दर दोन ते तीन हजार रुपयांपर्यंत बांधून दिले, आणि ज्यांनी एरवी कधी स्कॅनचे यंत्र पाहिले नसते अशा असंख्य माणसांच्या फुप्फुसांची चित्रे निघाली. करोना शोधताना ज्या गाठी दिसल्या, त्यांची अहवालात एक ओळ असे. करोना बरा झाल्यावर ती ओळ कोण वाचणार?

भाकितासाठी दोन गोष्टी लागतात : आज डाग कसा दिसतो, आणि पुढे त्या माणसाचे काय झाले. दुसरी गोष्ट नोंदीवाचून मिळत नाही. महाराष्ट्रात याचे एक थोर उदाहरण आहे. १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्णालयात येईल त्याची नोंद, ही शहरी रीत तिथे पुरी पडणार नव्हती. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणे असलेल्यांना तपासणीला आणले. शहरी आकड्यांवरून खेड्याचे अनुमान करता येत नाही, हे त्या नोंदणीने दाखवून दिले. तिथले कर्करोगाचे प्रमाण मुंबई-पुण्याहून बरेच कमी निघाले. पुण्याची नोंदणी मुळात शहरी वस्तीसाठी उभी राहिलेली आहे. पन्नास-साठ किलोमीटरवरच्या डोंगरातला रुग्ण पुण्याच्या रुग्णालयाच्या कागदांत येतो, पण त्याच्या गावाच्या हिशेबात तो मांडला जात नाही. त्याचा डाग वाचला जातो, त्याचा संदर्भ मात्र कोरा राहतो.

६. यंत्र वाचू लागते

अलीकडे वाचनाचे काम यंत्राकडे चालले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली क्षयाच्या तपासणीत छातीचा फोटो संगणकाकडून वाचून घेण्यास मान्यता दिली. कर्करोगाच्या बाजूने एमआयटी व मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाच्या संशोधकांनी २०२३ साली 'सिबिल' ही प्रणाली मांडली. एकाच स्कॅनवरून ती पुढील सहा वर्षांतला धोका सांगते, आणि तिला गाठ दाखवूनही द्यावी लागत नाही. ती शिकली आहे वर सांगितलेल्या अमेरिकन चाचणीच्या स्कॅनवर, आणि त्या चाचणीतले नव्वद टक्क्यांहून अधिक लोक गोरे होते. तैवानमधील रुग्णालयाच्या स्कॅनवर, ज्यांत धूम्रपान न केलेलेही होते, ती चांगली उतरली, ही आशेची बाब आहे. म्हणजे परक्या मुलखातले वाचन आपल्याकडे लागू पडणारच नाही असे नाही. पण ते लागू पडते की नाही हे पडताळूनच ठरते, आणि पडताळण्यासाठी इथली नोंद हवी. क्षय शोधायला शिकवलेले यंत्र त्याच डागात क्षय पाहील, आणि कर्करोग शोधायला शिकवलेले यंत्र कर्करोग. १९४७ सालच्या त्या पाच वाचकांचा वाद यंत्रे आली म्हणून मिटलेला नाही.

तोवर हाती काय आहे? एक साधन आहे, आणि ते आपल्या परिचयाचे आहे. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली ती पोथ्या शेजारी शेजारी ठेवून. डागाच्या बाबतीतही सर्वांत खात्रीचा पुरावा जुन्या चित्राचा असतो. दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनवर तीच भरीव गाठ त्याच आकाराची असेल तर भीती बहुतांशी मावळते. कर्करोगाची गाठ साधारणतः वाढते, आणि किती दिवसांत तिचे आकारमान दुप्पट झाले यावरच नेल्सन चाचणीची बरीचशी भिस्त होती. भोर-वेल्ह्याच्या घरांत अशी चित्रे आहेत. पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या पिशवीत, भिंतीच्या खुंटीला, क्षयाच्या औषधांच्या काळातला छातीचा फोटो आणि करोनाच्या काळातले स्कॅन लोकांनी जपून ठेवलेले असते. रोग बरा झाला म्हणून ते टाकून देऊ नये, आणि पुण्याला जाताना सोबत न्यावे, एवढे आपले विद्यार्थीही आपापल्या घरी सांगू शकतात. या दोन्ही तालुक्यांतून आलेली पुष्कळ मुले आपल्या वर्गांत बसतात.